प्स्स्ट, आज रविवार आहे!

रविवारी सकाळी साडेसहाला आईने पडवीच्या पायरीवर बसून कोयत्याच्या पाठीने वाटणाच्या नारळावर पहिला घाव घातला. दुसरा पडायच्या आत आमची सहा वर्षांची लेक उशी कवटाळून बाहेर धावली. ओठांवर बोट ठेवून आजीला म्हणाली, "प्स्स्ट! आज झोनटाक आहे!"

झोनटाक म्हणजे जर्मन भाषेत रविवार. आईला शब्द कळला नाही, पण बोट कळलं. मी पांघरुणातूनच अर्थ सांगितला. त्यावर आई म्हणाली, "आयतवार आसा म्हणान काय झाला? वाटप काय आपणच वाटान येतला?" आणि नारळ फुटला.

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. कोकणातल्या आमच्या आचऱ्याच्या घरात आजीला गप्प करणारं माणूस अजून जन्मलं नव्हतं, ते म्हणे म्युनिकहून आलं.

रविवारी तिकडे दुकानं बंद असतात हे रडगाणं मी याआधी पुष्कळदा गायलंय, ते परत नको. पण तिकडचा रविवार थेट राज्यघटनेत बसलाय, हे मलाही उशिराच कळलं. जर्मनीच्या 1919 च्या, वायमार नावाने ओळखल्या जाणाऱ्या घटनेतलं 139 वं कलम सांगतं की, रविवार आणि सरकारी सुट्ट्या हे कामातून विश्रांतीचे आणि मनाच्या उन्नतीचे दिवस आहेत. 1949 च्या घटनेने ते तसंच उचलून घेतलं. वस्तीत रविवारी गवत कापायचं यंत्र लावायचं नाही, याचाही कायदा आहे.

आणि बाटल्या! काचेच्या रिकाम्या बाटल्या टाकायला रस्त्याच्या कडेला मोठे डबे असतात, पांढऱ्या काचेचा वेगळा, हिरव्या काचेचा वेगळा. तीन वर्षांच्या धाकट्याला यातलं सुख विचारा. बाटली भोकातून आत सोडायची, खळ्ळकन आवाज ऐकायचा, पुढची बाटली मागायची. मागे एका सुट्टीच्या रविवारी, बाहेर पाऊस, घरात दोन खोल्या आणि दोन पोरं, मला दुसरं काही सुचेना. पिशवी भरून दोघांना घेऊन गेलो. दोनच बाटल्या पडल्या असतील, तेवढ्यात एक आजोबा सायकल थांबवून उतरले. ओरडले नाहीत. डब्यावरच्या चिकटपट्टीवर बोट टेकवून शांतपणे वाचून दाखवलं: सोमवार ते शनिवार, अमुक ते अमुक वेळ. मग मुलांना हसून टाटा केला आणि गेले. धाकटा भोकाड पसरून रडायला लागला. तेही रविवारी! उरलेल्या बाटल्या किणकिणत घरी परत आणताना मला वाटलं, खिडक्याखिडक्यांतून सगळी गल्ली आम्हालाच ऐकतेय. त्या दिवसापासून लेकीला रविवार कळला. धाकट्याला अजून नाही.

खरं तर मुलांचा आवाज तिकडे कायद्याने माफ आहे. पाळणाघरं आणि खेळाची मैदानं इथला मुलांचा आवाज सहसा त्रासदायक गोंगाट धरू नये, अशी दुरुस्ती 2011 मध्ये झाली. त्यासाठी कायदा करावा लागला, यावर दादा पोट धरून हसला. मी चिडलो. म्हटलं, निदान केला तरी. तुमच्याकडे लाउडस्पीकरपुढे पोराचं रडू ऐकू तरी येतं का? हे बोललो तेव्हा शनिवार होता, गोपाळकाला, आणि लेक कान झाकून का होईना, दादाच्या खांद्यावरून हंडीकडे टक लावून बघत होती. माझा मुद्दा तिथेच पडला.

शुक्रवारी 15 ऑगस्ट, शनिवारी काला, मग रविवार. 15 ऑगस्टला म्युनिकमध्येही सुट्टी असते, मेरीच्या स्वर्गारोहणाची. तिकडे असलो तर मी अशा तीन दिवसांचं वेळापत्रक फ्रिजवर लावतो. आधीच सामान भरून ठेवायचं, मग पोहणं, कागदकाम, केक, पुन्हा कागदकाम. इथे वेळापत्रक कोण करणार? पोरं सकाळी खळ्यात उतरली की, जेवायच्या वेळी चिखलासकट उगवतात. मधल्या वेळात ती कोणाच्या ताब्यात होती ते विचारायचं नसतं.

पण एक सांगतो. तिकडे रविवारी आंबोळ्या मी घालतो, भांडीही मीच घासतो. इथे वाटप आईचं, चूल वहिनीची. काळ्या वाटाण्याचं सांबारं चालू असताना लाईट गेली, मिक्सर थांबला, तर वहिनीने काही न बोलता पाटा धुतला. मी मदतीला उठलो होतो. आई म्हणाली, बस, चार दिवस आलायस. मी बसलो. आग्रह धरता आला असता, पण परक्या देशातल्या सवयी आईच्या स्वयंपाकघरात मिरवणंही बरं नव्हे. असं मी स्वतःला सांगितलं आणि चौथी आंबोळी वाढून घेतली.

दुपारी दोनला पोरं पडवीत रिकामा डबा बडवत होती. माजघरातून आवाज आला, "दोपारच्या वक्ताक कोण आरडता गो? माणसां निजली हत!" डबा थांबला. मी दोघांना छत्रीखाली घेऊन बिस्किटं आणायला नाक्यावर गेलो, तर दुकानाच्या फळ्या लावलेल्या. चारशिवाय उघडत नाही, हे मी पंधरा वर्षांत विसरलो होतो. तसेच परत फिरलो, चपला हातात, पाऊल न वाजवता.

लेक दारावर, भिंतीवर, तुळशीवृंदावनावरसुद्धा काहीतरी शोधत होती.

"बाबा, इथल्या वेळा कुठे लिहिल्यात?"

"चार वाजले की आजीला विचार," मी कुजबुजलो. "आता झोप."