आमच्या मंडळाची पोरं

मंडळाची पोरं म्हटलं की पुण्यात बऱ्याच जणांच्या कपाळाला आठ्या पडतात. रात्रीचे स्पीकर, रस्ता अडवणारे मांडव, चौकाचौकातले फ्लेक्स. हा त्रास खरा आहे. माझ्याही घरात म्हातारं माणूस आहे, त्यामुळे भिंती हादरवणाऱ्या आवाजाची बाजू मी कधीच घेणार नाही. पण मी दांडेकर पुलाजवळ, आंबिल ओढ्याच्या काठी राहते. आमच्या गल्लीतल्या तरुण मंडळाचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहे. या पोरांचं जे रूप मला बारा महिने दिसतं, ते गणपतीचे दहा दिवस मांडव बघून जाणाऱ्याला दिसत नाही.

सुरुवात पावतीपुस्तकापासून होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे दुसऱ्यांचे पैसे विश्वासानं सोपवणारं ठिकाण आमच्या वस्तीत दुसरं नाही. वर्गणीला एकट्यानं जायचं नाही, जोडीनं जायचं. रक्कम आकड्यात आणि अक्षरात, दोन्ही लिहायची. कुणी अकरा रुपये दिले तरी पावती फाडायची, आणि नाही दिले तर ‘बरं काकू’ म्हणून हसतमुखानं पुढचं दार गाठायचं. रात्री मंडळाच्या खोलीत सतरंजीवर बसून स्थळप्रती आणि रोकड यांचा ताळा घालायचा. तो जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते आणि नंतर हिशेबही द्यावा लागतो. तो अर्ज आमच्याकडे मुलंच भरतात. मी फक्त शेजारी बसते.

एका वर्षी दहावीत नापास झालेला, गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा खजिनदार होता. उत्सवानंतरच्या सभेत तो हिशेब वाचायला उभा राहिला. घरात चार शब्द न बोलणारा पोरगा, हातातला कागद थरथरत होता. एका आजोबांनी मध्येच विचारलं, ‘मांडवाचं भाडं गेल्या वर्षीपेक्षा एवढं वाढलं कसं?’ त्यानं फाइल उघडली, तीन मांडववाल्यांचे दर काढून त्यांच्यासमोर ठेवले आणि म्हणाला, ‘आजोबा, यातला सगळ्यात कमी घेतलाय.’ आजोबांनी चष्मा वर करून तिन्ही कागद नीट वाचले आणि मान डोलावली. त्याची आई मागे दाराशी उभी होती. पुढच्या वर्षी तो पुन्हा दहावीला बसला आणि सुटला. मंडळामुळेच सुटला असा दावा मी करणार नाही. पण सभेच्या रात्रीनंतर तो मान वर करून बोलायला लागला, हे मी पाहिलंय.

आणि मग २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. कात्रजच्या बाजूनं ओढ्याला लोंढा आला आणि काठच्या वस्त्या, सोसायट्या बघता बघता पाण्यात गेल्या. त्या पावसानं पुणे परिसरात वीसहून अधिक जीव घेतले. विसर्जन होऊन दोन आठवडेही झाले नव्हते, म्हणून मांडवाचे दोर आणि वासे अजून मंडळाच्या खोलीतच होते. पोरांनी विजेच्या खांबाला हात लावू दिला नाही. जिन्याच्या कठड्यापासून समोरच्या इमारतीच्या गजापर्यंत दोर बांधला आणि त्याला धरून माणसं वर काढली. कुठल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आजी आहेत, कुठे बाळंतीण आहे, कुणाचा मुलगा रात्रपाळीला गेलाय, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. वर्गणीला आणि प्रसाद वाटायला तीच पोरं महिनाभर त्या दारांत उभी राहिली होती. आजींना प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून चौघांनी पहिल्या मजल्यावर नेलं.

दुसऱ्या दिवसापासून खरं कष्टाचं काम होतं. घरात गुडघाभर चिखल. फावडी कमी पडली तेव्हा पोरांनी घमेल्यांनी चिखल उपसला. भिजलेली रेशनकार्डं, बँकेची पुस्तकं, मुलांच्या मार्कशीट खोलीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातल्या. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा आमच्याकडे घरवार यादी तयार होती. भाडेकरूंची नावं अशा वेळी हमखास सुटतात, तीही तिच्यात होती.

माझे सासरे १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या आठवणी सांगायचे. तेव्हाही गल्लीतल्या तालमीची पोरं आधी धावून आली, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या भागातच साने गुरुजी स्मारक आहे, राष्ट्र सेवा दलाचं. सेवा दल १९४१ मध्ये उभं राहिलं. मी लहानपणी तिथल्या शाखेत जायचे, लेझीम तिथेच शिकले. मुलामुलींनी एकत्र, बरोबरीनं काम करायचं असतं हे मला तिथं कळलं, म्हणूनच आमच्या कार्यकारिणीत मुली असाव्यात यासाठी मी भांडले. बरीच वर्षं मुली आरतीच्या ताटापुरत्याच होत्या. आता ढोल बांधून पथकात वाजवतात, आणि सरावाआधी ढोलाचे दोर ताणायलाही मुलांच्या बरोबरीनं बसतात.

मंडळाची खोली वर्षभर अभ्यासिका म्हणून चालते. दहा बाय पंधराच्या घरात पाच माणसं आणि टीव्ही असेल तर पोरीनं पोलिस भरतीचा अभ्यास कुठे करायचा? रात्री दहापर्यंत दिवा चालू असतो. किल्ली आळीपाळीनं एकेकाकडे असते, आणि ज्याची पाळी असेल त्यानं शेवटच्या मुलीला घरापर्यंत सोडून मगच कुलूप लावायचं. या एका नियमामुळे किती आईवडिलांनी मुलींना पाठवायला सुरुवात केली!

निवडणुका आल्या की काही लोक टी-शर्ट आणि फ्लेक्सचे पैसे घेऊन दारात येतात. पोरांना मोह पडतो, पडणारच. आम्ही ते पैसे घेत नाही. घेतले की हिशेब मांडणाऱ्याला पैसे देणाऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि मग आजोबांना मांडवाचं भाडं विचारायची सोय उरत नाही. वर्गणी थोडी असली तरी चालेल, पण ती घराघरातून आलेली हवी.

आता पावसाळ्याआधी तळमजल्याच्या घरांची वही नव्यानं करायची आहे. कोण एकटं राहतं, कुणाला इन्सुलिन लागतं, कुणाच्या नातेवाइकाचा नंबर काय. ओढ्याकडची रांग या वेळी दोन नव्या मुलींनी मागून घेतली आहे. आमच्या भागात कुणाकडे जुना पण धड चालणारा, डोक्याला बांधायचा हेडलॅम्प किंवा हातातली बॅटरी असेल, तर संध्याकाळी सातनंतर मंडळाच्या खोलीत आणून द्या. पावती मिळेल.