आधी नंबर विचार

झोप येत नाहीये म्हणून लिहितेय. दुपारी गावच्या ग्रुपवर एका गृहस्थांचा फोटो आला, ब्लेझरवर मेडल, खाली लिहिलेलं की कारगिलच्या युद्धात टायगर हिलला लढलो, वीरचक्र मिळालं, आणि 26 जानेवारीला आमच्या शाळेत झेंडावंदनाला पाहुणे म्हणून तेच येणार. मी लगेच हात जोडले आणि कौतुकाने फोन आप्पांना दाखवला. आप्पांनी 17 वर्षं फौजेत काढली. फोटो मोठा करून बराच वेळ बघत बसले, मग हळूच म्हणाले, "रिबन जांभळी आहे गं."

मला काही कळलंच नाही. वीरचक्राची रिबन अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. अख्खी जांभळी असते ती परमवीर चक्राची, आणि कारगिलला ते चौघांनाच मिळालं, विक्रम बत्रा आणि मनोज पांडे मरणोत्तर, आणि योगेंद्रसिंह यादव, संजय कुमार. आप्पांनी चारही नावं एका दमात घेतली. त्या लढाईत आपले 527 जवान गेले, त्यातल्या कुणाच्या आईने हा फोटो बघितला तर तिला काय वाटेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

पण आप्पांनीच मला थांबवलं. नुसत्या रिबनवरून माणसाला खोटं पाडू नको म्हणाले, दुकानातून रिबन बदलून आणताना चूक होते, आणि टायगर हिल 18 ग्रेनेडियर्स या पलटणीने घेतलं तरी मागे तोफखाना होता, सिग्नलवाले होते, कितीतरी जण होते. मग म्हणाले, "आधी नंबर विचार. खऱ्या फौजीला झोपेतून उठवून विचारलास तरी आर्मी नंबर सांगेल." आणि त्यांनी स्वतःचा सांगितला, सगळे आकडे, न अडखळता.

शौर्यपदकं मिळालेल्यांची नावं सरकारी वेबसाइटवर असतात, तिथे रात्री शोधलं, स्पेलिंग बदलून बदलून तीनदा बघितलं, नाही सापडलं. तरी हात थरथरतोय, कारण समजा माणूस खरा निघाला तर एका सैनिकाचा अपमान माझ्या हातून होईल आणि आप्पांसमोर मला उभं राहता येणार नाही. आणि खोटा असला तर त्या दिवशी शाळेतली पोरं त्यांना सॅल्यूट करणार, जो सॅल्यूट आप्पांनी कधी कुणाकडे मागितला नाही.

ग्रुपवर काही लिहिणार नाही. सकाळी आधी त्यांनाच फोन करते, नंबर कोणता, युनिट कोणतं, कोणत्या सालचं वीरचक्र, एवढंच विचारणार, नीट, काका म्हणून. हेडसरांना त्यानंतर.