बारा किलो तांदूळ

पोषण आहाराचा चार्ज माझ्याकडे आला तेव्हा पहिलं काम काय केलं, तर शाळेत वजनकाटा आणला. तोवर पोती नुसती मोजून घ्यायचे. 50 किलोचं म्हणून उतरवलेलं पोतं 48 भरायचं, कधी 47. ती तूट शाळेच्या माथी. मी प्रत्येक पोतं काट्यावर चढवून पावतीवर 'प्रत्यक्ष वजन करून घेतले' असं लिहायला लागलो. ड्रायव्हर शिव्या घालायचा. मुख्याध्यापकही म्हणाले, "सर, कशाला वाकडं घेता?" पण तीन महिन्यांत पोती पुरी यायला लागली. याचा अभिमान मला अजून आहे. घोळही त्याच काट्यानं केला.

बाहेरच्याला वाटतं, खिचडी शिजली, पोरं जेवली, संपलं. पाचवीच्या पोराला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150. पाचवीची 31 आणि वरची 104 हजर, म्हणजे 18 किलो 700 ग्रॅम. हजेरीचा आकडा अ‍ॅपवर टाकला की साठ्यातून तेवढा तांदूळ आपोआप वजा होतो. पातेल्यात किती पडला हे अ‍ॅपला कळत नाही. शिवाय वाढायच्या आधी खाऊन बघून सही करायचं चव रजिस्टर, रिकाम्या बारदानांचा हिशेब. शिकवणं यातून उरलेल्या वेळात.

आमची शाळा पाचवी ते दहावी, आणि आहार आठवीपर्यंत. अमेरिकेत म्हणे आईबापाचं उत्पन्न बघून जेवण फुकट की सवलतीत ते ठरवतात. आपल्याकडे उत्पन्न विचारत नाहीत, ते बरंच आहे, पण इयत्ता विचारतात. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यातही आठवीचीच रेघ आहे. एप्रिलपर्यंत रांगेत उभं राहणारं पोरगं जूनमध्ये नववीत गेलं की त्याची भूक सरकारी हिशेबातून बाद. (मी चौथीत होतो तेव्हा शिजवलेलं नव्हतंच. महिन्याला तीन किलो तांदूळ, तोही 80 टक्के हजेरी भरली तर. आई पिशवी धुऊन ठेवायची.)

नववीतले तिघं दिवाळीनंतर मधल्या सुट्टीत स्वयंपाकघराच्या मागं दिसायला लागले. तिघांचेही आईबाप ऊसतोडीला गेलेले, घरी म्हातारी माणसं. एकाची बहीण सहावीत होती. ती ताट घेऊन मागं जायची, आणि त्या ताटात भात जरा जास्तच असायचा.  स्वयंपाकाच्या मावशी तांदूळ मोजून झाल्यावर अर्ध्या किलोचं एक माप आणखी टाकतात, हे मला दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. मी काही बोललो नाही. एकदा त्याच म्हणाल्या, "सर, लेकरू भिताडाआड उभं ऱ्हातंय अन् म्या पातेलं झाकून ठिवू का?" त्यावरही मी फक्त चव रजिस्टरवर 'चव उत्तम' लिहून सही केली.

डिसेंबरच्या शेवटी तपासणी आली. साहेबांनी थेट कोठी उघडायला लावली. माझाच काटा, माझीच पोती. पुस्तकी शिल्लक 214 किलो, प्रत्यक्ष 202. डाळ बरोबर भरली. मावशी तांदूळ वाढवत होत्या आणि वरणात पाणी.

एरवी अशा वेळी दोन वाक्यं तयार असतात, पोती कमी आली किंवा उंदरांनी खाल्लं. पहिलं मी स्वतःच्या अक्षरानं बंद करून ठेवलेलं. दुसरं मुख्याध्यापक बोलून बघत होते, तेव्हा साहेबांनी कोठीचे पत्र्याचे पिंप दाखवून विचारलं, "उंदीर झाकण उघडतात का?" मग ते माझ्याकडे वळले. चोवीस दिवस, रोज अर्धा किलो, बारा किलो. गणिताचा मास्तर मी, उत्तर तोंडावर होतं. मी म्हणालो, "बघावं लागेल, सर."

मावशी दारात हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, "माझ्याकडूनच मापात चूक झाली, साहेब."

शेरेबुकात आलं, 'स्वयंपाकी तथा मदतनीस यांना लेखी समज द्यावी, तूट त्यांच्या मानधनातून वसूल करावी.' मानधन महिना अडीच हजार, वर्षाचे दहाच महिने. खाली प्रभारी शिक्षक म्हणून माझी सही आहे. साहेब वाईट नव्हते, जाताना मला म्हणाले, "तुमचं रेकॉर्ड एकदम चोख आहे."

वसुलीचे पैसे मी भरले. मावशींना ते सांगितलं, तर त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. त्या तिघांसाठी घरून डबे आणणारे शिक्षक शाळेत निघतील असं वाटलं होतं. स्टाफ मीटिंगमध्ये विषय काढला, दोघांनी होकार भरला. ते आठवडाभर चाललं.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी मावशींनी तांदूळ मोजायला मला बोलावलं. मी काट्याजवळ उभा राहिलो, त्यांनी 18 किलो 700 ग्रॅम मोजला, शेवटी पडलेले चार दाणेही पिंपात परत टाकले. तेव्हापासून रोज बोलावतात.