कॅनियनिंग बुक करायच्या आधी मी फोनवर काय काय विचारलं

सुट्टीवरून येऊन आठवडा झाला आणि तेव्हापासून चार जणांनी विचारलंय की ते घळीतलं कुठून बुक केलंस, म्हणून एकदाच नीट लिहून टाकते. कुठून ते नाही लिहिणार, कारण तुम्ही जाल तिथली नदी वेगळी असेल, माणसं वेगळी असतील, पण निवडलं कसं ते सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॅनियनिंग म्हणजे नदीने कातळ कापून जी अरुंद घळ केलेली असते तिच्यातून वरून खाली यायचं, थोडं चालत, थोडं पोहत, कुठे गुळगुळीत दगडावरून घसरत, कुठे डोहात उडी मारून आणि उडी शक्य नसेल तिथे धबधब्याच्या कडेने रोपवर. वरच्या टप्प्यावरून सगळे उतरले की गाईड रोप खाली ओढून घेतो, म्हंजे मग परत वर जायचा रस्ताच उरत नाही, खालूनच बाहेर पडायचं. माझ्या मते निवडताना ही एक गोष्ट डोक्यात पक्की पाहिजे, कारण ट्रेकमध्ये दमलो तर मागे फिरता येतं तसं इथे होत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही फक्त फोटो बघून बुक केलं होतं. माझ्या भाच्याला मिळालेला वेटसूट, म्हणजे गार पाण्यात घालायचा रबरासारखा जाड सूट, दोन साईझ मोठा होता, गाईड म्हणाला चालतंय. नाही चालत! वेटसूट अंगाला घट्ट असेल तरच आतल्या पाण्याचा पातळ थर गरम राहतो, ढगळ असेल तर दर उडीला गार पाणी आत शिरतं, आणि पाणी हवेपेक्षा जवळपास २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. अर्ध्या वाटेवर पोराचे ओठ निळे पडले, दातावर दात वाजायला लागले आणि बाहेर पडायला वाट नव्हती. पुढचा दीड तास मी विसरू शकत नाही.

म्हणून यावेळी तीन ठिकाणी फोन केले. पहिल्याने सगळ्याला हो म्हटलं, लहान मुलं हो, पोहता येत नाही तरी हो, पाऊस असला तरी हो, मी तिथेच सोडलं. दुसरा बरा होता पण घाईत होता. तिसरीकडे एक ताई बोलल्या आणि माझ्या आधी त्यांनीच विचारायला सुरुवात केली, सगळ्यांची वयं, वजन-उंची, कोणाला पोहता येतं, कोणाचा गुडघा किंवा खांदा दुखावलेला आहे का, उंचीची भीती कोणाला. मी विचारलं शेवटचं कॅन्सल कधी केलंत? म्हणाल्या गेल्याच आठवड्यात, इथे ऊन होतं पण वरच्या डोंगरावर ढग जमले होते. तिथेच माझं ठरलं.

कारण घळीतला धोका बहुतेक वेळा डोक्यावरच्या पावसाचा नसतो, तो वर लांब कुठेतरी पडलेल्या पावसाचा असतो. सगळं पाणी एका अरुंद फटीत शिरतं आणि लोंढा येतो. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ साक्सेटबाख नावाच्या ओढ्यात २७ जुलै १९९९ ला असंच झालं, वरच्या भागात वादळी पाऊस झाला आणि २१ जण गेले, त्यात गाईडही होते. हे घाबरवायला लिहीत नाहीये, पण "वरचा हवामान अंदाज कोण बघतं आणि नाही म्हणायचा अधिकार कोणाचा" हे विचारल्याशिवाय पैसे भरू नका. वर धरण असेल तर पाणी सोडायच्या वेळा त्यांना कळतात का हेही.

अजून एक, घळीची ग्रेड विचारा. युरोपात वापरतात त्या पद्धतीत व्ही म्हणजे रोपचं काम किती अवघड आणि ए म्हणजे पाणी किती अवघड, दोन्ही १ ते ७, आणि सोबत एक रोमन आकडा असतो ज्यावरून कळतं की एकूण पल्ला किती आणि लोंढा आला तर सुरक्षित जागी पोचायला किती वेळ लागेल. मला तो तिसरा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कोणी विचारत नाही. नवख्या ग्रुपला मधे मधे बाहेर पडायच्या वाटा असलेली घळच घ्या, फोटो थोडे साधे येतील, येऊ देत.

उड्यांचंही तसंच. १० मीटरवरून उडी म्हणजे पाण्यावर ताशी ५० किमीने आपटणं, आणि डोहाचा तळ एका पुरात बदलतो, गाळ येतो, झाडाचं खोड अडकतं, त्यामुळे काल खोल होता म्हणून आज खोल असेलच असं नाही. आमचा गाईड प्रत्येक डोहात आधी स्वतः रोपने उतरून तळ बघत होता, मगच हात वर करायचा.

पहिल्या दिवशी सकाळीच ताईंचा फोन आला, आज नाही. मुलं हिरमुसली, मला मात्र हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी गेलो. वेटसूट तीन वेळा बदलून दिला भाच्याला, बसेपर्यंत. शेवटच्या मोठ्या उडीपाशी तो बराच वेळ कडेवर उभा राहिला आणि मग हळूच म्हणाला मला नको. गाईडने एका शब्दाने आग्रह केला नाही, बाजूला रोप आधीच लावून ठेवला होता, त्याने फक्त भाच्याच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) डिसेंडर, म्हणजे रोपवरून हळूहळू उतरायचं साधन, अडकवला आणि म्हणाला चल, मी वरून धरतो.