बोटाखालचं बटण

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी संकलनाचं ॲप करत होतो. दूध घालायला आलेल्याचं नाव निवडायचं, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) टाकायचं आणि ‘नोंद करा’ दाबायचं, एवढंच काम. पहिलं दहा दिवसाचं बिल काढलं तेव्हा काही जणांच्या नावावर एकाच वेळचं दूध दोनदा पडलेलं निघालं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे संस्थेत जाऊन उभा राहिलो.

सेक्रेटरी मामा एका हातानं मापाचं दूध ओतून घेत होते आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोन चालवत होते. अंगठा ओला. बटण दाबलं तरी स्क्रीन ढिम्म. तिथं रेंज जेमतेम, त्यामुळे सर्व्हरचं उत्तर यायला दोन-तीन सेकंद लागायचे. तेवढ्यात मामा परत दाबायचे. ‘‘दाबलंय का न्हाई कायच कळंना, म्हणून परत दाबतोय,’’ ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. ॲपनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

दाबल्यावर पाण्यात खडा टाकल्यासारखं वर्तुळ पसरतं, तो रिपल मी बटणाला दिला होता. अँड्रॉइडवर तो २०१४ पासून सगळ्यांच्या सवयीचा आहे. पण माझ्या बटणावर तो दिसतच नव्हता. ॲप मी फ्लटर या ॲप बनवायच्या साधनात लिहिलं होतं. त्यात रिपल मागच्या ‘मटेरियल’ नावाच्या थरावर रंगवला जातो आणि मी ‘इंकवेल’च्या, म्हणजे दाबणं ओळखून रिपल उमटवणाऱ्या भागाच्या, आत रंगीत ‘कंटेनर’, म्हणजे रंग भरलेली चौकट, ठेवला होता. रिपल उमटत होता, पण त्या रंगाखाली झाकला जात होता. ऑफिसच्या वायफायवर नोंद इतक्या लगेच यादीत यायची, की हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही. ‘कंटेनर’च्या जागी ‘इंक’ वापरलं, ते आपला रंग त्या मागच्या थरावरच रंगवतं, आणि रिपल दिसू लागला.

तरीही बटण जड वाटत होतं. मग दुसऱ्या फोनवर सेकंदाला २४० फ्रेमनं चित्रण केलं आणि बोट काचेला टेकल्यापासून रंग हलेपर्यंतच्या फ्रेम मोजल्या. चाळीसच्या आसपास, म्हणजे साधारण १७० मिलिसेकंद. वापरायला सोप्या स्क्रीन कशा असाव्यात याचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये लिहून ठेवलंय, की दाबताक्षणी घडलं असं वाटायला प्रतिसाद एक दशांश सेकंदाच्या आत यावा लागतो. उशिराचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. बटण सरकणाऱ्या फॉर्मच्या तळाशी होतं. तिथं बोट टेकलं की ते दाबणार आहे की सरकवणार आहे, हे ठरवण्यासाठी फ्लटर १०० मिलिसेकंद थांबतं. बटण फॉर्मच्या बाहेर काढून स्क्रीनच्या तळाला पक्कं केलं. आता सोळा-सतरा फ्रेम. मला वाटतं, या सगळ्या कामात सगळ्यात जास्त फरक या एका बदलानं पडला.

पुढची अडचण मामांच्या अंगठ्यानंच दाखवली. रिपल बोटाखालून सुरू होतो आणि बोट तर त्याच्यावरच असतं! म्हणून बटण स्क्रीनभर रुंद केलं, अँड्रॉइडनं सुचवलेल्या किमान ४८ डीपीपेक्षा (डीपी हे स्क्रीनवरच्या मापाचं एकक) उंच केलं, आणि दाबताच ते सगळंच्या सगळं गडद होईल असं केलं. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना बदललेला रंग दिसतो. ते गडद झालं की त्यावर ‘थांबा, पाठवतोय’ येतं आणि दुसऱ्यांदा दाबता येत नाही.

मोह एकाच ठिकाणी झाला. दाबल्या दाबल्या हिरवी बरोबरची खूण दाखवली असती तर ॲप फार चपळ वाटलं असतं, आणि एका आवृत्तीत मी ते केलंही. चाचणी करताना रेंज गेली, नोंद सर्व्हरवर गेलीच नाही आणि खूण मात्र हिरवीगार. ती पाहून मला घाम फुटला. त्या खुणेवर विसंबून कुणी वहीत लिहिलं नसतं तर एखाद्याचं सकाळचं दूध बिलात आलंच नसतं. दाबलं गेलं आणि नोंद झाली या दोन वेगळ्या बातम्या आहेत, त्या वेगवेगळ्याच द्यायच्या असं ठरवलं. आता नोंद आधी फोनमध्ये साठते आणि यादीत पोकळ गोलासह दिसते. सर्व्हरनं मिळाल्याचं कळवलं की गोल भरतो आणि त्यात खूण येते. नुसता रंग बदलला असता तर दारातल्या उन्हात पिवळं-हिरवं ओळखू येत नव्हतं, म्हणून आकारही बदलला.

शिवाय प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक क्रमांक दिला, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर एकदाच धरतो. स्क्रीन कितीही चांगली केली तरी हे हवंच होतं.

नवी आवृत्ती घेऊन पुन्हा पहाटे गेलो. मामांनी अंगठा टेकवला, बटण गडद झालं. त्यांनी फोनकडे परत पाहिलंही नाही. पुढच्या बाईंची किटली हातात घेतली आणि विचारलं, ‘‘म्हशीचं का गाईचं?’’