आमची वाटचाल : पोत्यातून पाचटाकडे

वाळवा तालुक्याच्या ऊस पट्ट्यात आमच्या कामाची सुरुवात खत-औषधाच्या दुकानानं झाली. दुकान आजही आहे. त्याला जोडून मातीचे नमुने घेणं, मळी (साखर कारखान्यात रस गाळून उरणारा गाळ) आणि शेण यांचा कंपोस्ट डेपो, आणि पाचट म्हणजे उसाची वाळकी पानं बारीक करणारं कुट्टीचं यंत्र भाड्यानं देणं ही कामं वाढत गेली. एकातून दुसरं का निघालं, हे सांगायला हिशेबच मांडावा लागतो.

गल्ल्यावरचा पहिला प्रश्न ठरलेला : "एकरी किती पोती टाकू?" आडसाली (पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तुटणाऱ्या) उसाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० स्फुरद, १७० पालाश, म्हणजे एकरी १६० किलो नत्र. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात नत्र २०.७ किलो. सगळं युरियातून द्यायचं तर पावणेआठ पोती लागतात. १ टक्का नत्राच्या कंपोस्टातून तेवढंच द्यायचं तर १६ टन, आणि त्यातलंही पहिल्या वर्षी पिकाच्या हाती थोडंच येतं. म्हणून "युरिया बंद करा, सेंद्रिय टाका" असं आम्ही उसाच्या शेतकऱ्याला सांगत नाही. युरिया विष नव्हे. बिघडतं ते तो फेकून मोकळं होण्यानं. चुनखडीच्या रानात वर पडलेल्या युरियाचा अमोनिया हवेत उडतो, आणि पाटपाणी जास्त झालं की नायट्रेट खाली निचरून जातं. नत्राचे चार हप्ते याचसाठी आहेत : लागणीला १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४०, बारा ते सोळा आठवड्यांनी १० आणि मोठ्या बांधणीला, म्हणजे उसाच्या बुडाला मातीची भर देताना, ४०. हप्ता मातीआड गेला पाहिजे.

"रासायनिक खतानं रान आंबट झालं" हेही सर्रास ऐकू येतं. शिराळ्याच्या पश्चिमेला, भरपूर पावसाच्या तांबड्या रानात त्यात तथ्य आहे. कृष्णाकाठच्या काळ्या रानात मात्र चुना आम्ल मारतो, सामू (पीएच) सहसा साडेसातच्या वरच असतो. इथलं दुखणं निराळं : स्फुरद चुन्याशी बांधला जातो, लोह-जस्त मुळांना मिळत नाही, ऊस केवड्यानं पिवळा-पांढरा पडतो. तिथं युरियाचं आणखी एक पोतं ओतून उपयोग नसतो. हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट आणि २० किलो झिंक सल्फेट दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून, पाच-सहा दिवस सावलीत ओलसर मुरवून सरीत द्यायचं. झिंक सल्फेट डीएपीत (नत्र-स्फुरदाच्या खतात) कालवू नये. जस्त स्फुरदाशी बांधलं जातं आणि दोन्ही वाया जातात.

माती तपासणीकडे आम्ही वळलो ते यामुळे. अहवालातला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या काडी-पाल्यातून मातीत राहिलेला कार्बन) ०.४ टक्क्याच्या खाली दिसला की पुढचा प्रश्न येतो, "मग कंपोस्टची पाच पोती टाकू का?" एका एकरातली वरची १५ सेंटिमीटर माती साधारण ९ लाख किलो भरते. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब मातीत टिकायला हवा. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशानं किमान १२ टक्के सेंद्रिय कर्ब ठरवून दिला आहे. त्या हिशेबानं ५० किलोच्या पाच पोत्यांत कर्ब ३० किलो, आणि त्यातलाही बराचसा वर्षभरात जिवाणू खाऊन कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. पोती विकणाऱ्यानंच हे सांगावं हे विचित्र वाटेल, पण आकडे बदलत नाहीत.

याउलट तुटलेल्या उसाच्या एका एकरात चारेक टन पाचट पडतं. त्यात कर्ब ३५ टक्के धरला तरी १,४०० किलो. नत्र अर्धा टक्का, म्हणजे २० किलो, शिवाय तीसेक किलो पालाश. काडी लावली की कर्ब आणि नत्र धुरावाटे गेलं. त्यामुळे डेपोपेक्षाही कुट्टीच्या यंत्राला आम्ही जास्त महत्त्व देतो.

खोडव्यात, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकात, क्रम असा. तोडणी झाली की बुडखे जमिनीलगत छाटायचे. उंच राहिले तर वरच्या डोळ्यातून कमजोर फुटवे येतात. कुट्टी केलेलं पाचट सरीत दाबायचं. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत; चार टनाला ३२, ४० आणि ४ किलो. युरिया-सुपर आधी विस्कटायचं, जिवाणू खत ओल्या शेणखतात मिसळून मागाहून, मग पाणी. युरिया चुकवला तर पाचट कुजवताना जिवाणू मातीतलंच नत्र उचलतात, खोडवा पिवळा पडतो आणि बोल पाचटाला लागतो. पाचटावरून खताचा डोस फेकू नये. बुडख्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर पहारीनं तेवढंच खोल भोक घ्यायचं, एका फुटावर दुसरं, त्यात खत घालून बुजवायचं. निम्मा डोस तोडणीनंतर पंधरा दिवसांत, उरलेला १३५ दिवसांच्या सुमारास. फलटण तालुक्यातल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा हा सल्ला आहे. मजूर कुरकुरतात, पण युरिया कमी लागतो.

डेपोत मळी, शेण आणि कुट्टी यांचे दीड मीटर उंचीचे ढीग लावतो. ओल मुठीत कळते : दाबल्यावर बोटांत पाणी चमकावं, ठिबकू नये. आतली उष्णता ५५ ते ६५ अंशांवर जाते. तण-बियाणं आणि रोगजंतू तिथंच मरतात. ढीग पलटताना नाकात अमोनिया झोंबला तर नत्र उडतंय, कुट्टी वाढवायची. कुबट वास आला तर हवा कोंडलीय, लगेच पलटायचा. कच्ची मळी थेट सरीत टाकणारे अजून आहेत. ती तिथंच तापते आणि कोवळी मुळं होरपळतात. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) रानात येते ती वेगळीच. खत पिकलं का, हे पाहायला किलोभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तीन दिवस ठेवतो. उघडल्यावर गरम किंवा आंबूस लागलं तर पोत्यात भरायचं नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर २० च्या आत, क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या आत आणि किमान ९० टक्के माल ४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे.

पांढरं फुटलेल्या चोपण (सोडियम साठून घट्ट झालेल्या) रानासाठी कंपोस्ट मागितलं, तर आम्ही आधी निचऱ्याचं विचारतो. चर किंवा सच्छिद्र पाइप नसेल तर जिप्सम टाकूनही सोडियम जाणार कुठे? विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्सम, आणि मात्रा अहवालावरून. चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक परवडतं. निचरा झाला की धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरून पंचेचाळीस-पन्नास दिवसांनी, फुलोऱ्याआधी गाडायचा.

नमुना आणताना बांध, झाडाची सावली आणि उकिरड्याची जागा सोडून इंग्रजी व्ही आकाराचे २०-२२ सेंटिमीटर खड्डे घ्या, कडेची माती एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलो उरू द्या. खत टाकून तीन महिने झाले नसतील तर थांबा. युरियाच्या रिकाम्या पिशवीतून आणलेली माती आम्ही घेत नाही.