टायरचं काजळ

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी सात ते नऊ हा गाड्या धुण्याचा मुहूर्त. कर्वेनगरातली जुनी इमारत, लिफ्ट मागाहून चिकटवलेली, आणि पार्किंगच्या खांबावर पाटी : 'गाडी बादलीनेच धुवावी. पाइप दिसल्यास जप्त होईल. परत मिळणार नाही. विचारूही नये.' शेवटचं वाक्य वेगळ्या पेनाने लिहिलंय, म्हणजे कुणीतरी विचारलं असणार.

मी तशीही बादलीवालीच. दीड बादली पाणी, दोन फडकी आणि नऊ वर्षांची पांढरी हॅचबॅक. तिचं बॉनेट उजळतं, काचा उजळतात, दारात स्वतःचा चेहरा दिसायला लागतो. मग नजर खाली जाते. खाली चार टायर, चहा गाळून उरलेल्या चोथ्याच्या रंगाचे. पैठणी नेसून पायात बाथरूमच्या सपाता घालाव्यात, तसं काहीतरी दिसतं ते.

शेजारच्या जागेत तळमजल्यावरच्या काकांची गाडी. तिचे टायर ओल्या शाळिग्रामासारखे. काका छोट्या स्टुलावर बसतात, मांडीवर पंचा, हातात बाटली, आणि एकेका टायरला असा हात फिरवतात की देवाला अत्तर लावत असावेत. एकदा माझ्या टायरांकडे बघून ते हळहळले. "अगं, कोरडे पडलेत तुझे. जरा तेल पाज त्यांना."

तेल म्हटल्यावर माझं डोकं गेलं आईच्या टाचांकडे. हिवाळ्यात तिच्या टाचांना भेगा पडतात आणि ती रात्री आमसुलाचं तेल गरम करून भरते. आजी त्याला भिरंडेल म्हणायची. टाच काय आणि टायर काय, दोघांनाही दिवसभर जमिनीवर घासायचं असतं. आमसुलाचं तेल आईने दिलं नसतं, म्हणून मी खोबरेल लावलं. चारी टायर मस्त काळे झाले. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी कर्वे रोडची सगळी धूळ त्यांच्यावर बसली होती, लाडू खोबऱ्यात घोळवावा तशी. आणि सोसायटीतला कुत्रा, ज्याचा टायरशी आजवर एकाच कामापुरता संबंध होता, तो उभा राहून माझा मागचा डावा टायर चाटत होता.

मग रीतसर बाटली आणली. पाण्यासारखी पारदर्शक पण दाट, आणि बूच उघडलं की रॉकेलच्या रांगेची आठवण यावी असा वास. लावल्याबरोबर टायर काकांसारखे झाले. म्हणजे काकांच्या टायरांसारखे. मी खुशीत ऑफिसला गेले आणि संध्याकाळी बघते तर दोन्ही बाजूंच्या दारांवर खालून काळे टिपके, पांढऱ्या गाडीला कांजिण्या आल्यासारखे. चाक फिरलं की जास्तीचं पॉलिश सुटतं आणि भिरभिरत गाडीच्याच अंगावर येतं, हे बाटलीवर कुठे लिहिलेलं नव्हतं. तेही एक वेळ चाललं असतं. पण तीन आठवड्यांनी टायर पहिल्यापेक्षा जास्त तपकिरी झाले. आधी चोथा होता, आता विटकरीकडे झुकले. मी आणखी पॉलिश लावलं. ते आणखी तपकिरी झाले.

हे गाऱ्हाणं मी शेवटी नाना पेठेत मांडलं. गेले होते पंक्चरसाठी. टायरवाल्या दादांनी चाक न काढताच अंगठ्याने टायरची बाजू घासली, अंगठा मला दाखवला आणि म्हणाले, "ताई, हा मळ नाही. टायरचं औषध बाहेर आलंय. तुम्ही ते धुऊन टाकताय आणि वरून रॉकेल पाजताय."

औषध! घरी येऊन मी त्याच्या मागे लागले, आणि गेले काही महिने माझ्या डोक्यात टायरच आहेत.

मुळात रबर काळं नसतंच. झाडाचा चीक तो, रुईच्या चिकासारखा पांढरा. सुरुवातीच्या काळातले टायरही फिकटच असायचे. मिशलिन या टायर कंपनीच्या जाहिरातीतला तो वळ्यावळ्यांचा जाडजूड माणूस १८९८ साली जन्मला आणि तो पांढरा आहे, कारण त्या वेळी टायर तसेच दिसत. लहानपणी मला तो बर्फाचा किंवा मोदकाच्या उकडीचा वाटायचा. पुढे रबरात काजळी मिसळायला लागले. इंग्रजीत कार्बन ब्लॅक वगैरे भारदस्त नाव आहे, पण वस्तू आपल्या ओळखीची : तेल अर्धवट जाळून धरलेली काजळी. समईवर वाटी उपडी धरून आजी काजळ पाडायची, तोच प्रकार कारखान्याच्या मापाने. या काजळीने रबर चिवट होतं, झिजत कमी आणि उन्हाला तोंड देतं. बाळाच्या डोळ्यांत काजळ घातलं की दृष्ट लागत नाही म्हणतात. टायरच्या बाबतीत ते अगदी खरं निघालं.

पण उन्हापेक्षा वाईट दृष्ट ओझोनची. वर आकाशात तो आपला रक्षणकर्ता, खाली मात्र रबराचा वैरी. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की तो जमिनीलगत तयार होतो, आणि आपल्याकडे धूरही आहे, ऊनही आहे. ताणलेल्या रबराला तो बारीक भेगा पाडतो, आणि टायरची बाजू तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दबते आणि ताणली जाते. म्हणून टायर बनवतानाच रबराच्या पोटात दोन गोष्टी घालून ठेवतात. एक मेण. दुसरं एक रसायन, त्याचं नाव ६पीपीडी. दोन्ही हळूहळू आतून पृष्ठभागावर येत राहतात. मेण वर पातळ पापुद्रा धरतं. रसायन ओझोनला स्वतःच्या अंगावर घेतं, आणि तसं करता करता तपकिरी पडतं.

म्हणजे ज्या रंगाची मला लाज वाटत होती तो कामावरून परतलेल्या माणसाच्या सदऱ्याचा रंग होता.

या औषधाचीही दुसरी बाजू आहे. ओझोनशी भिडल्यावर ६पीपीडीचं जे होतं, ते टायरच्या झिजेबरोबर रस्त्यावर सांडतं आणि पावसाच्या पाण्यातून ओढ्यात जातं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर कोहो सामन मासे पावसानंतर मरत होते, त्याचं कारण हेच, असं २०२० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. माझी तपकिरी बादली पार्किंगच्या जाळीतून शेवटी मुठेलाच जाऊन मिळते. मुठेत सामन नाहीत. काय काय नाही याची यादी करायला बसलं तर रविवार पुरायचा नाही.

तर रॉकेलच्या वासाच्या बाटलीचा घोटाळा असा : तिच्यात सिलिकॉनचं तेल पेट्रोलच्या भावकीतल्या द्रावकात विरघळवलेलं असतं. द्रावक रबराच्या वरच्या थरातलं मेण आणि औषध सैल करून बाहेर ओढतो आणि उडून जातो. तेल चिकट राहतं, त्यावर धूळ बसते. औषध भराभर संपतं, टायर कोरडा पडतो, मग आपण पुन्हा पाजतो. दारूचं आणि घशाच्या कोरडीचं जे नातं, तेच. दुसऱ्या जातीचं पॉलिश पाण्यात कालवलेलं असतं, बहुतेक दुधासारखं पांढरं, वास नाही, आणि वाळलं की हाताला लागत नाही. मी ते आणलं. दुकानदाराने बजावलं, "मॅडम, याला चमक नाही येत हां." त्याला ती उणीव वाटत होती.

पण पॉलिश हा शेवटचा आणि खरं तर बिनमहत्त्वाचा भाग. खरी मजा धुण्यात आहे. टायर गार हवा. सिंहगडावरून उतरून आलात आणि लगेच बादली घेऊन बसलात तर साबण टायरवरच वाळतो. एका वेळी एकच चाक. आधी रिम, कारण तिथली तपकिरी पूड ब्रेकची असते आणि ती पुन्हा टायरवरच ओघळते. मग गाडीचा शाम्पू आणि प्लॅस्टिकच्या केसांचा कडक ब्रश. तारेचा नाही, तो रबर ओरबाडतो. बाथरूमचं ॲसिड तर लांबच ठेवा. एका ओळखीच्यांनी ते वापरलं होतं, त्यांची रिम अजून कोड आल्यासारखी दिसते. घासायला लागलं की फेस येतो आणि तो फेस कॉफीच्या रंगाचा असतो. पाणी मारायचं, पुन्हा घासायचं. दुसऱ्या खेपेला दुधाळ चहा. तिसऱ्या खेपेला फेस पांढरा राहिला की समजायचं, जुनं पॉलिश निघालं. हा पांढरा फेस बघण्याचं मला व्यसन लागलंय. मात्र दर रविवारी हे करत नाही, नाहीतर टायरवाल्या दादांचं औषध मीच धुऊन काढायची. एरवी नुसतं पाणी आणि फडकं. साग्रसंगीत अभ्यंग दोन-तीन महिन्यांतून एकदा.

मग पूर्ण वाळू द्यायचं. याच पायरीवर माझा धीर सुटतो, पण ओल्यावर लावलं की पट्टे उठतात. स्पंजच्या तुकड्यावर चमचाभर पॉलिश, पातळ हात, पंधरा मिनिटं थांबायचं आणि उरलेलं जुन्या बनियनने पुसून घ्यायचं. हे पुसणं सगळे विसरतात, म्हणून सगळ्यांच्या गाड्यांना कांजिण्या येतात. आणि फक्त बाजूला. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीवर एक थेंबही नाही. दुचाकीच्या टायरला तर हे लावूच नये. माझ्या भाच्याने गणपतीच्या आधी स्कूटरचा टायर हौसेने सगळीकडून चकाचक केला आणि कर्वे पुतळ्यापाशी वळताना स्कूटर त्याच्या खालून निघून गेली. निभावलं कोपर सोलटण्यावर. टायर मात्र छान दिसत होते म्हणे.

हे सगळं मी एका रविवारी काकांना ऐकवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग धू माझा एक. बघू."

मी त्यांचा पुढचा उजवा धुतला. सहा खेपा लागल्या. फेस आधी काळा, मग कॉफी, मग गढूळ, मग कुठे पांढरा. आणि शाळिग्रामाखालून भेगा वर आल्या. बाजूच्या अक्षरांभोवती, रिमच्या कडेने, केसासारख्या बारीक, काही चांगल्या नखभर लांब. काका स्टुलावरून उठून जमिनीवरच बसले.

"पण गाडी अकराच हजार चाललीये. नक्षी बघ, नवीकोरी आहे."

खरी गोष्ट होती. टायर गोटा व्हायला बरीच वर्षं होती. पण काकांची गाडी दोन आठवड्यांतून एकदा सारसबागेपर्यंत जाते आणि परत येऊन कव्हर पांघरते. आतलं मेण वर यायला टायर फिरावा लागतो, दबावा लागतो, ताणला जावा लागतो. २०२०च्या टाळेबंदीत तर ती कितीतरी आठवडे एकाच जागी उभी होती, आणि काका मास्क लावून खाली येऊन तिला पॉलिश करत होते. मी चाकाच्या आतल्या बाजूला मोबाईलचा उजेड मारून तो चार आकडी शिक्का वाचला : २३१५. म्हणजे टायर बनला तो २०१५ सालातला तेविसावा आठवडा. काकांनी मनात हिशोब केलेला मला त्यांच्या ओठांवर दिसला.

"याच्यावर एक्स्प्रेसवेने मुंबईला गेलो होतो गं मार्चमध्ये," एवढंच बोलले. बाटलीचं बूच लावलं आणि वर गेले.

बुधवारी गाडीला चार नवे टायर आले. नव्या टायरवर रबराचे ते बारीक केस असतात, साच्यातली हवा निघायच्या भोकांत घुसलेल्या रबराचे. पुढच्या रविवारी काका स्टुलावर बसून ते एकेक करून उपटत होते, लहान मुलाच्या एकाग्रतेने. बाटली दिसली नाही.

मी माझं अभ्यंग उरकलं. चारी टायर काळे झाले, पण न चमकणारे काळे, शाळेच्या फळ्यासारखे. बादली उपडी केली, ब्रश धुऊन उन्हात ठेवला आणि जरा लांब जाऊन माझ्या गाडीकडे बघत उभी राहिले. काकांनीही मान वळवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय गं," ते म्हणाले, "आज टायर राहिले वाटतं?"